शाळा उघडली, शाळा भरली काय?
(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या भाषेंत शाळेविषयीं दोन क्रियापदें रूढ आहेत. शाळा ‘उघडते’ आणि शाळा ‘भरते’. उन्हाळ्याची सुटी संपली म्हणजे जून महिन्यांत शाळा उघडते; रोज घंटा झाली म्हणजे शाळा भरते. एरवीं या दोन शब्दांतील भेदाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. कारण उघडलेली शाळा आपोआप भरतेच, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. कोरोनाच्या साथीनें मात्र हा भेद आपणांपुढें स्पष्टपणें उभा केला. शाळा उघडण्यास सरकारचा एक हुकूम आणि शिपायाच्या हातांतील किल्ल्यांचा जुडगा पुरतो. ती भरण्यास काय काय लागतें, हें मात्र आपणांस साथीनंतरच्या वर्षांत कळूं लागलें. निर्बंध उठले आणि आपल्या माध्यमिक शाळा पूर्ववत् झाल्या, असें आपण सहज बोलून जातों. या ‘पूर्ववत्’ शब्दाचा अर्थ काय आणि तो कितपत खरा आहे, याचा विचार आज मला आपणांबरोबर करावयाचा आहे.

प्रथम घडलेल्या गोष्टींची थोडी उजळणी करूं. उदाहरणादाखल मी मुंबई शहर घेतों. कारण सर्वांत दीर्घ काळ शाळा बंद राहिल्या अशा शहरांपैकीं तें एक होय. मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या. दहावीची परीक्षा तेव्हां संपत आली होती. तिचा शेवटचा, भूगोलाचा पेपर होऊंच शकला नाहीं. जूनमध्यें नवें वर्ष सुरू झालें तें मोबाइलच्या पडद्यावर. राज्याच्या इतर भागांत नोव्हेंबर २०२० पासून वरच्या इयत्तांचे वर्ग कोठें कोठें भरूं लागले आणि दुसरी लाट येतांच पुन्हां बंद पडले. मुंबईच्या मुलांच्या वांट्यास तेवढेंहि आलें नाहीं. येथें आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडले आणि पहिली ते सातवीचे १५ डिसेंबर २०२१ रोजीं. पुढें तीन आठवडे होतात न होतात, तोंच ओमायक्रॉन नांवाचा नवा प्रकार पसरला आणि जानेवारीच्या आरंभीं बहुतेक वर्ग पुन्हां बंद झाले. ते २४ जानेवारी २०२२ रोजीं उघडले. शेवटीं २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं, राज्यांतील उरलेसुरले निर्बंध उठले आणि मास्क वापरणें ज्याच्या त्याच्या इच्छेवर राहिलें. त्या जूनमध्यें दोन वर्षांनंतर प्रथमच शाळांचें वर्ष नेहमींच्या वेळीं आणि नेहमींच्या रीतीनें सुरू झालें.

तारखांचा हा हिशेब कोरडा वाटेल. म्हणून तो एका मुलीच्या आयुष्यावर मांडून पाहूं. आपल्याकडील पुष्कळ माध्यमिक शाळा पांचवीपासून दहावीपर्यंत असतात. चौथीपर्यंत जवळच्या प्राथमिक शाळेंत शिकलेली एक मुलगी जून २०२० मध्यें अशा एका शाळेंत पांचवीस दाखल झाली, असें समजा. तिचें नांव हजेरीपटावर चढलें, तिला पुस्तकें मिळालीं, वर्गशिक्षिकेचा आवाजहि ओळखूं येऊं लागला. परंतु त्या शाळेचा जिना तिनें प्रथम चढला तो डिसेंबर २०२१ मध्यें. तेव्हां ती सहावींत होती आणि सहावीचें अर्धें वर्ष सरलें होतें. शेजारच्या बाकावरील मुलीशीं तिची मैत्री व्हावी इतके दिवस शाळा सलग चालली ती बहुधा सातवींतच. ती मुलगी जून २०२५ मध्यें दहावीच्या वर्गांत जाऊन बसली. आणि ज्या मुलानें जून २०२० मध्यें पहिलींत नांव घातलें, मुळाक्षरें पडद्यावर गिरविलीं, तो जून २०२४ मध्यें पांचवींत आला. तो दहावीच्या परीक्षेस बसेल तो २०३० सालीं. म्हणजे निर्बंध जरी २०२२ सालीं उठले, तरी साथीच्या दिवसांतील मुलें माध्यमिक शाळेच्या हजेरीपटावर २०३० सालापर्यंत राहणार आहेत.

बंदीच्या त्या काळांत शिक्षण अगदींच थांबलें होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. शिक्षकांनीं घरांतील कपाटाच्या दाराचा फळा केला आणि डब्यांच्या उतरंडीवर मोबाइल टेकवून धडे शिकविले. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं ‘टिलीमिली’ ही मालिका दिसूं लागली. सोलापुरांतील नीलमनगर या कामगारवस्तींत शिक्षकांनीं घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. गल्लींतून जातां येतां मुलें शब्द, आकृति आणि सूत्रें वाचूं लागलीं. संकटाच्या वेळीं आपल्या शिक्षकवर्गानें दाखविलेली ही कल्पकता आपण विसरतां कामा नये.

परंतु पडद्यावरील वर्गांत एक उणीव होती आणि ती कितीहि कल्पकतेनें भरून निघण्यासारखी नव्हती. त्या दोन वर्षांत शिक्षकांनीं सर्वांत अधिक वेळां विचारलेला प्रश्न कोणता असेल, तर “माझा आवाज येतो का?” हा. मुलें उत्तर देत, “येतो.” आवाज पोंचत होता, यांत शंका नाहीं, समजूत पोंचत होती कीं नाहीं, हें कळण्यास मार्ग नव्हता. वर्गांत शिकवितांना शिक्षक अर्धें लक्ष फळ्याकडे आणि अर्धें लक्ष मुलांच्या चेहऱ्यांकडे ठेवितो. कोणाच्या कपाळाला आंठी पडली, कोण खिडकीबाहेर पाहूं लागला, कोण न समजतांच मान डोलावीत आहे, हें तो पाहत असतो आणि तें पाहूनच एखादें उदाहरण पुन्हां घेतो. पडद्यावर चेहऱ्यांच्या जागीं नांवें दिसत. त्यांतून अनेक घरांत मोबाइल एकच. तो सकाळीं वडिलांबरोबर कामावर जाई आणि संध्याकाळीं परत आल्यावर धाकट्या भावंडाच्या आधीं थोरल्याच्या हातीं पडे, कारण थोरल्याची दहावी असे. घरांत भाऊ आणि बहीण दोघेंहि शिकणारीं असलीं, तर बहिणीच्या वांट्यास बहुधा स्वयंपाकघर येई. शाळेच्या इमारतींत ही विषमता नाहींशी होत नसे. परंतु निदान सहा तास तरी ती वर्गाच्या दाराबाहेर थांबत असे.

मग जून २०२२ उजाडला. मुलें आलीं, उंच झालेलीं, आवाज फुटलेलीं. शिक्षकांना पहिल्या कांहीं आठवड्यांतच तीन गोष्टी आढळल्या. पहिली, हात मागें पडला होता. दोन वर्षें वही समोर ठेवून सलग लिहिण्याचा प्रसंग थोडाच आला होता. अर्ध्या पानावर बोटें दुखूं लागत. २०२२ च्या दहावीच्या परीक्षेंत मोठ्या पेपरांना अर्धा तास अधिक देण्यांत आला, त्यामागें हेंच कारण होतें. दुसरी गोष्ट, मुलांची बसण्याची आणि ऐकण्याची संवय मोडली होती. पस्तीस मिनिटांचा तास त्यांना लांबलचक वाटे. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म होती. मधल्या सुटींत भांडण झालें तर तें मिटविण्याची कला मुलें विसरलीं होतीं किंवा शिकलींच नव्हतीं. खेळांत बाद झालेल्यानें बाद मानावयाचें, डबा वांटून खावयाचा, रागावलेल्या मित्राशीं दुसऱ्या दिवशीं आपण होऊन बोलावयाचें, हे धडे कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत नसतात. ते पटांगणावर, दहा ते चौदा या वयांत, एकमेकांकडून शिकले जातात; आणि नेमकीं तींच वर्षें पुष्कळ मुलांनीं चार भिंतींच्या आंत काढलीं होतीं.

या तीनहि गोष्टी काळजी करण्यासारख्या होत्या. परंतु त्या दिसत होत्या आणि म्हणून त्यांवर उपायहि चालूं झाला. हात लिहितां लिहितां वळला, मुलें बसूं लागलीं, पटांगणावरील भांडणें पूर्वींइतकीं आणि पूर्वींसारखीं होऊं लागलीं. एक-दोन वर्षांत शाळा बाहेरून पाहणाऱ्यास अगदीं पूर्वीसारखी दिसूं लागली. स्नेहसंमेलनें झालीं, सहली निघाल्या, मैदानांत कवाइत चालूं झाली. येथेंच आपली फसगत होण्याचा संभव आहे. जें दिसत होतें तें सुधारलें. जें दिसत नव्हतें त्याचें काय झालें?

याचें उत्तर आपण सामान्यतः परीक्षेच्या निकालांत शोधतों. म्हणून तेहि पाहूं. २०२१ सालीं दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाचे पन्नास, दहावींतील अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे तीस आणि तोंडी व गृहपाठाचे वीस, अशा गुणांची बेरीज करून निकाल लावण्यांत आला; तो ९९.९५ टक्के लागला. २०२२ सालीं परीक्षा झाली, अभ्यासक्रम एक-चतुर्थांश कमी, परीक्षेचें केंद्र मुलांच्या स्वतःच्याच शाळेंत, वर सांगितलेला अधिक वेळ, निकाल ९६.९४ टक्के. २०२३ सालीं अभ्यासक्रम पुन्हां पूर्ण झाला, सवलती गेल्या, निकाल ९३.८३ टक्के. त्या काळीं ज्या सवलती दिल्या त्या दिल्या हें योग्यच झालें. बुडणाऱ्यास हात देतांना त्याला पोहतां येतें कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. परंतु किनाऱ्यावर आणल्यानंतर तरी तें विचारावयास हवें. आणि या आंकड्यांनीं आपणांस तो प्रश्न विचारूं दिला नाहीं. शंभरांतील शहाण्णव मुलें उत्तीर्ण झाल्याचें वर्तमानपत्रांत वाचल्यावर कोणाचें काय राहून गेलें याची चौकशी कोण करणार?

अशी चौकशी करणारी एक पाहणी आपल्या देशांत नियमानें होत असते. ‘असर’ या नांवाची ही पाहणी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन करतात. मुलाच्या हातांत दुसरीच्या पुस्तकांतील असावा तसा एक सोपा उतारा देतात आणि म्हणतात, “वाच बाळ.” वाचनाची परीक्षा ती अशी. तिचे निष्कर्ष आपणां शहरवासीयांनींहि लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहेत. देशांतील सरकारी शाळांत तिसरीच्या वर्गांतील शंभर मुलांपैकीं २०१८ सालीं सुमारें एकवीस मुलें हा उतारा वाचूं शकलीं. साथीनंतर, २०२२ सालीं, ही संख्या सोळांवर उतरली. २०२४ सालीं ती तेवीसांवर चढली. म्हणजे साथीपूर्वींच्याहि वर गेली. पांचवीच्या वर्गाचें असेंच झालें: २०१८ सालीं चव्वेचाळीस, २०२२ सालीं अडतीस, २०२४ सालीं पुन्हां चव्वेचाळीस-पंचेचाळीस. परंतु आठवीच्या वर्गाचे आंकडे निराळी गोष्ट सांगतात. तेथें २०१८ सालीं एकोणसत्तर, २०२२ सालीं सहासष्ट आणि २०२४ सालींहि सदुसष्ट-अडुसष्टच. लहान मुलें सावरलीं. मोठीं मुलें तितकीं सावरलीं नाहींत.

असें कां व्हावें? माझ्या मतें त्याचें कारण मुलांत नाहीं, आपल्या व्यवस्थेंत आहे. लहान मुलांनीं वाचावें यासाठीं या काळांत मोठे प्रयत्न झाले. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें ‘निपुण भारत’ ही योजना सुरू केली. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलास समजून वाचतां यावें आणि मूलभूत अंकगणित यावें, हा तिचा हेतु. प्राथमिक शिक्षकांस प्रशिक्षण मिळालें, वाचनाचे तास ठेवले गेले, पालकांच्या बैठका झाल्या. माध्यमिक शाळेंत मात्र वाचावयास शिकविणें हें कोणाचेंच काम नसतें. इतिहासाचा शिक्षक इतिहास शिकवितो, विज्ञानाचा विज्ञान; मराठीचा शिक्षक कवितेचें रसग्रहण शिकवितो. मुलास वाचतां येतें, हें सर्वांनींच गृहीत धरलेलें असतें. ज्याला तें येत नाहीं, तो मुलगा सातवी-आठवींत येईपर्यंत एक विद्या उत्तम शिकलेला असतो: आपणांस येत नाहीं, हें लपविण्याची. तो मागच्या बाकावर बसतो, वही नीट उतरवून घेतो, शांत राहतो. शिक्षक प्रगतिपुस्तकावर “वर्तणूक चांगली” असा शेरा लिहितात.

गणितांत हें अधिक स्पष्ट दिसतें. साथीनंतरच्या एखाद्या वर्षीं आठवीच्या वर्गांत फळ्यावर समीकरण आहे: क्षचे दोन-तृतीयांश बरोबर आठ. क्षची किंमत काढा. मुलगा अडतो. शिक्षक समीकरणाची रीत पुन्हां समजावून सांगतात, मुलगा पुन्हां अडतो, आणि त्याला बीजगणित येत नाहीं असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः त्याला समीकरण कळलेलें असतें. त्याला कळलेलें नसतें तें दोन-तृतीयांश. अपूर्णांक पांचवी-सहावींत शिकवितात. आणि त्याची पांचवी-सहावी पडद्यावर झाली होती. बीजगणिताचे दहा तास अधिक घेतले तरी हा मुलगा पुढें सरकणार नाहीं. आणि एका भाकरीचे तीन सारखे तुकडे करून त्यांतील दोन त्याच्यापुढें ठेवले, तर कदाचित् एका दुपारींत सरकेल. गळती कौलांत कोठें आहे तें न पाहतां खालची जमीन पुसत राहण्याचा प्रकार आपण अनेक वर्गांत करीत आहों.

सरकारनें यासाठीं ‘सेतु अभ्यासक्रम’ काढला होता. १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवस मागील इयत्तेची उजळणी करून घ्यावी, अशी योजना होती. कल्पना चांगली होती. परंतु तेव्हां पुष्कळ ठिकाणीं शाळाच बंद असल्यामुळें ज्या पडद्यामुळें खंड पडला त्याच पडद्यावरून पूल बांधण्याचा प्रसंग आला. शिवाय सर्व मुलांचा खंड सारखा नव्हता. एकाचा अपूर्णांकांत, दुसऱ्याचा इंग्रजी स्पेलिंगांत, तिसऱ्याचा मराठी जोडाक्षरांत. सर्वांसाठीं एकच पूल आणि तोहि पंचेचाळीस दिवसांचा, हें जमण्यासारखें नव्हतें. हें काम शाळेचें नित्याचें काम म्हणून वर्षानुवर्षें चालूं राहिलें पाहिजे.

येथें कोणी म्हणेल, “साथीपूर्वीं तरी सर्व मुलांना कोठें वाचतां येत होतें?” हा आक्षेप अगदीं खरा आहे आणि माझ्या आजच्या सांगण्याचें मर्महि त्यांतच आहे. वरील आंकडे पुन्हां आठवा. पांचवीच्या वर्गांतील शंभरांपैकीं चव्वेचाळीस मुलांना दुसरीचा उतारा वाचतां येणें, ही आपली ‘पूर्ववत्’ स्थिति होती. साथ नसती आली तर आपण तिला नेहमींची स्थिति म्हणून स्वीकारलेंच होतें. साथीनें नवें भगदाड पाडलें त्याहून अधिक जुनें भगदाड उजेडांत आणलें. तेव्हां पूर्ववत् होणें हें ध्येय मानलें, तर आपण फार थोडें मागितलें असें होईल.

साथीनंतर शाळेनें जुन्या जागींच परत गेलें पाहिजे असें नाहीं, याचें एक थोर उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथबालिकाश्रम काढला. पुढल्याच वर्षीं पुण्यांत प्लेगचा कहर झाला. त्याच वर्षीं, १० मार्च १८९७ रोजीं, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेवला. प्लेगच्या त्या वर्षांतच, १९०० सालीं, कर्व्यांचा आश्रम शहराबाहेर हिंगण्यास गेला. त्या वेळीं ती आडबाजूची जागा होती. आश्रम मग तेथेंच वाढला. १९०७ सालीं महिला विद्यालय निघालें आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठाची स्थापना झाली. आपत्तीच्या दिवसांत उचललेलें पाऊल मागें न घेतां त्याचाच रस्ता करणें, हें त्या पिढीस साधलें. आपल्यापुढील काम त्यामानानें सोपें आहे. आपणांस गांव सोडावयाचें नाहीं. वेळापत्रक थोडें बदलावयाचें आहे.

तें कसें, हें थोडक्यांत सांगतों. माध्यमिक शाळेंत येणाऱ्या प्रत्येक मुलास पहिल्या पंधरवड्यांत एकटें जवळ बसवून एक उतारा वाचावयास आणि चार सोपीं उदाहरणें सोडवावयास द्यावीं. गुण देऊं नयेत. त्याचें पाऊल कोणत्या पायरीवर आहे, एवढेंच टिपून ठेवावें. मग रोज एक तास असा असावा, कीं त्या तासास मुलें इयत्तेप्रमाणें न बसतां पायरीप्रमाणें बसतील. पांचवीचा हुषार मुलगा आणि आठवीचा अडलेला मुलगा त्या तासापुरते शेजारीं बसले, तर आकाश कोसळत नाहीं. लाज वाटण्याचा संभव आहे, हें खरें. परंतु ती लाज शिक्षकाच्या वागण्यावर अवलंबून असते. “तुला एवढें येत नाहीं?” आणि “तुझें एवढें राहिलें आहे,” या दोन वाक्यांत महदंतर आहे. पहिल्यांत मुलाचा दोष आहे, दुसऱ्यांत कामाचा हिशेब आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. शाळा पुन्हां सुरू झाल्या तेव्हां कांहीं मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही करणारा हात बदललेला होता. पूर्वीं वडिलांची सही असे, तेथें आतां मामाची किंवा आजोबांची होती. कांहीं वर्गांत मुलांना आवडणाऱ्या बाईच परत आल्या नाहींत. घरांतील दुःख शाळेच्या दाराशीं ठेवून आंत यावें, अशी आपली जुनी शिस्त आहे. पण बारा वर्षांच्या मुलास तें ठेवतां येत नाहीं. तो तें आंतच घेऊन येतो आणि मग त्याला गृहपाठ न केल्याबद्दल उभें राहावें लागतें. ज्या शाळेंत निदान एक शिक्षक असा आहे, कीं ज्याच्याजवळ जाऊन मुलास “आज माझें लक्ष लागत नाहीं” एवढें म्हणतां येतें, ती शाळा त्या मुलापुरती भरलेली आहे.

शेवटीं आपणां पालकांविषयीं. हें भाषण ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं मुलास स्वतंत्र मोबाइल होता, टेबल-खुर्ची होती, शिकवणीहि होती. आपलीं मुलें फारशीं मागें पडलीं नाहींत, असें आपणांस वाटतें. आणि म्हणून शाळेनें आतां पूर्वीच्याच वेगानें धांवावें, अशी आपली निकड असते. शाळेनें मागचें शिकवावयास घेतलें कीं “पोर्शन केव्हां पुरा होणार?” म्हणून विचारणा करणारे आपणच असतों. माझी विनंती एवढीच आहे, कीं एखाद्या संध्याकाळीं शिकवणीस थोडी रजा द्यावी आणि मुलास त्याच्याच इतिहासाच्या पुस्तकांतील एक पान मोठ्यानें वाचावयास सांगावें. वाचून झाल्यावर त्यांतील मजकूर त्याच्या शब्दांत सांगावयास लावावा. मध्यें बोलूं नये, चूक काढूं नये, शेजारच्या मुलाचें नांव घेऊं नये. दहा मिनिटांत आपणांस जें कळेल, तें कोणत्याहि गुणपत्रिकेंत सांपडणार नाहीं. आणि पान नीट वाचून झालें, अर्थहि नीट सांगितला, तर फारच उत्तम; मग शाळा दुसऱ्याच्या मुलासाठीं थांबते आहे, याचा राग आपणांस येऊं नये.

साथीच्या दिवसांतील एक-दोन गोष्टी जपून ठेवण्यासारख्याहि आहेत. वर्गाच्या खिडक्या आपण उघड्या ठेवूं लागलों होतों. त्या पुन्हां बंद होऊं देऊं नयेत. आजारी मुलानें घरीं राहावें, हें तेव्हां सर्वांस पटलें होतें. असें असतां वर्षभर एकहि दिवस न चुकविणाऱ्यास बक्षीस देण्याची जुनी पद्धत चालूं ठेवावी काय, याचा शाळांनीं विचार करावा. तापानें फणफणलेलें मूल बक्षिसासाठीं वर्गांत येऊन बसतें, हें आपण साथीपूर्वीं पुष्कळदां पाहिलें आहे. आणि मोबाइल, जो तेव्हां पाटी म्हणून घरांत आला आणि पुढें खेळणें होऊन बसला, त्याला पुन्हां पाटीच्या जागीं बसविणें हें घरोघरच्या वडीलधाऱ्यांचें काम आहे. शाळेवर तें लोटून चालणार नाहीं.

श्रोतेहो, शाळेंत रोज हजेरी घेतात. नांव पुकारलें जातें, मूल “हजर” म्हणतें, आणि पटावर एक खूण होते. त्या एका शब्दावर आपण आजवर संतुष्ट राहिलों. मूल बाकावर हजर आहे, परंतु फळ्यावर चाललेल्या गोष्टींत तें हजर आहे काय, हें विचारण्याची संवय आपणांस साथीनें लावली असेल, तर तिच्या भीषण वर्षांतून आपण कांहीं तरी शिकलों असें म्हणतां येईल. शाळा २०२२ सालीं उघडली. ज्या दिवशीं पटावरील शेवटच्या मुलास समोरचा धडा वाचतां येईल, आणि वाचतां येत नसेल तर तसें निर्भयपणें सांगतां येईल, त्या दिवशीं ती भरली असें मी म्हणेन.